आधी मायना वाचा

यिर्मया २९:११. म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या, देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या, पुस्तकाचा एकोणतिसावा अध्याय, अकरावं वचन. ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसासमोर एवढं म्हटलं तरी पुढचं त्याला पाठ येतं. परमेश्वराच्या मनात आपल्याविषयी जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, आणि ते भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत. हे वचन कॅलेंडरवर असतं, लग्नपत्रिकेवर असतं, बाप्तिस्म्याच्या भेटकार्डावर असतं, रोज सकाळी व्हॉट्सॲपवर उगवत्या सूर्याच्या चित्रासह येतं. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासना संपली की वचनपेटीतून चिठ्ठी उचलायची आमच्याकडे रीत आहे. ज्याच्या हाती ही चिठ्ठी लागते त्याचा चेहरा उजळतो, आणि शेजारचे म्हणतात, "यंदा तुमचं वर्ष चांगलं जाणार."

माझं या वचनावर फार प्रेम आहे. म्हणूनच ते ज्या पत्रातून कापून घेतलंय ते पत्र अख्खं वाचा, असा आग्रह मी धरते.

मी नगरची. माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. पत्रलेखनाच्या तासाला मुलांना पहिली गोष्ट सांगायचे ती ही, की आधी मायना बघा. पत्र कोणी, कुणाला, कुठून, कधी लिहिलं हे कळेपर्यंत मजकुराचा अर्थ लावायला जाऊ नका. आता दर बुधवारी दुपारी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायका आमच्या घरी बायबल अभ्यासाला जमतात, तेव्हाही सुरुवात तिथूनच होते. बायबलमध्ये पत्रं आहेत, तसा इतिहास आहे, कायदा आहे, कविता आहे, सुभाषितं आहेत, विलाप आहेत. पण ज्याला त्याला आपापला मायना आहे. कुठे तो लिहून ठेवलेला असतो, कुठे शोधावा लागतो.

यिर्मयाचं पत्र या बाबतीत अगदी चोख आहे. पहिल्या तीन वचनांत सगळं येतं. लिहिणारा यिर्मया, ठिकाण यरुशलेम. लिहिलं कुणाला, तर बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवान करून नेलेले वडीलजन, याजक, संदेष्टे आणि इतर लोक यांना. पत्र नेणाऱ्या दोघांची नावंसुद्धा आहेत, शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या. सिद्कीया राजानं त्यांना बाबेलच्या राजाकडे कामगिरीवर पाठवलं होतं, त्यांच्याच हाती हे पत्र गेलं.

हे लोक बाबेलला पोचले कसे? इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं यरुशलेम घेतलं. अठरा वर्षांचा राजा यहोयाखीन, त्याची आई, दरबारी, लढवय्ये आणि हातात कसब असलेले सुतार-लोहार त्यानं उचलून नेले. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात १०,००० माणसांचा आकडा आहे. मागे राहिली ती गोरगरीब माणसं. मंदिर मात्र अजून उभं होतं, ते पडायला आणखी दहा-अकरा वर्षं होती. त्यामुळे नेलेल्यांना वाटत होतं, हे थोड्या दिवसांचं आहे. सामान सोडायचं कशाला, आज ना उद्या परत जायचंच आहे.

आणि नेमकं हेच सांगणारी माणसं त्यांना भेटत होती. आदला, म्हणजे अठ्ठाविसावा अध्याय वाचा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत म्हणतो, दोन वर्षांच्या आत परमेश्वर बाबेलचं जू मोडेल, मंदिराची भांडी परत येतील, राजा परत येईल, सगळे परत येतील. यिर्मया त्या वेळी मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता, बाबेलची सत्ता अजून सोसावी लागणार याची खूण म्हणून. हनन्यानं ते जू त्याच्या मानेवरून काढून मोडून टाकलं. लोकांना किती बरं वाटलं असेल! मला या प्रसंगात यिर्मयाचं वागणं पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. तो आधी म्हणतो, "आमेन, परमेश्वर तसंच करो." त्यालाही ते हवंच होतं. पण हवं असणं वेगळं आणि परमेश्वर तसं बोललेला असणं वेगळं. नंतर त्याला परमेश्वराचा निरोप मिळतो, हनन्याला सांग, लाकडाचं जू मोडलंस, त्याच्या जागी लोखंडाचं येईल. त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्या मेला.

याच्या लगेच पुढे आपलं पत्र येतं. त्यात यिर्मया परमेश्वराच्या शब्दांत काय लिहितो? घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलाबाळांची लग्नं करून द्या. ज्या शहरात मी तुम्हाला नेलंय त्याचं हित चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. तुमच्यातले संदेष्टे तुम्हाला फसवताहेत, त्यांचं ऐकू नका. मग दहावं वचन येतं, बाबेलची ७० वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. आणि त्यानंतर अकरावं, आपलं लाडकं वचन.

७० वर्षं. हा हिशोब आम्ही बुधवारी बसून केला. पत्र वाचून दाखवलं गेलं तेव्हा जो चाळिशीचा होता तो परतणार नव्हता. जो विशीचा होता तोही बहुधा नाही. कडेवरचं पोर कदाचित परत जाईल, म्हातारं होऊन. पुढे इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाच्या (इराणच्या) कोरेश राजानं बाबेल घेतलं आणि यहुद्यांना परतायची मुभा दिली, तेव्हा परतले ते बहुतेक नातू-पणतू. म्हणजे ज्यांच्या कानांवर "हिताचे संकल्प" हे शब्द पहिल्यांदा पडले त्यांतल्या बहुतेकांची हाडं बाबेलच्या मातीतच राहिली.

दोन वर्षांत सगळं नीट होईल असं सांगणारा हनन्या खोटा ठरला. त्याच्या म्हणण्याविरुद्ध लिहिलेल्या पत्रातलं एक वाक्य उचलायचं आणि त्यातून पुन्हा हनन्याचाच निरोप द्यायचा, नवीन वर्षात बढती, नवीन वर्षात घर, नवीन वर्षात व्हिसा, हे मला सहन होत नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून हे वचन म्हणायचं आणि तो बरा झाला नाही की त्याच्या विश्वासात खोट काढायची, हेही मी पाहिलं आहे. तिथे तर मला रडू येतं. त्या घरातल्या माणसांना यिर्मयाचं पत्र हवं होतं, आपण त्यांच्या हाती हनन्याचं दिलं.

आमच्यात एक निवृत्त नर्स आहेत, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. हिशोब झाल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बाई, मग हे वचन आपलं नाहीच का?"

संदर्भ बघायला लागलं की माणसाच्या मनात हाच प्रश्न येतो आणि त्याला भीती वाटते. मी त्यांना म्हटलं, सिस्टर, आपलंच आहे, पण त्यांच्या हातून आपल्याकडे आलेलं आहे. पत्र त्यांच्या नावाचं आहे, लिहिणारा देव मात्र तोच आहे. तो आपल्या लोकांशी कसा वागतो हे या पत्रातून कळतं. परमुलखात, शत्रूच्या शहरात, मंदिरापासून इतक्या दूरसुद्धा त्यानं त्यांना सोडलं नाही. त्याचे संकल्प माझ्या एका वर्षाएवढे लहान नसतात, माझ्या एका आयुष्याएवढेही नसतात. आणि अकरावं वचन घ्यायचं तर पाचवं, सहावं, सातवंही घ्यावं लागेल. घर बांधा, झाडं लावा, या शहरासाठी प्रार्थना करा. नवऱ्याच्या नोकरीमुळे विदर्भातून इथे आलेली एकजण आहे, इथलं कुणी आपलं नाही असं नेहमी म्हणायची. ती पटकन बोलली, "म्हणजे मला इथल्या शेजाऱ्यांसाठी प्रार्थना करायची आहे तर." मी काही बोलायची गरजच उरली नाही.

या लोकांच्या खुणा मातीतही सापडल्या आहेत. बाबेलच्या उत्खननात निघालेल्या काही मातीच्या पाट्यांवर कोणाला किती तेल दिलं याच्या नोंदी आहेत, त्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे आहेत. १९३९ मध्ये हा मजकूर प्रसिद्ध झाला. दुसऱ्या काही पाट्या बाबेलच्या मुलखातल्या एका खेड्यातल्या आहेत, त्या खेड्याचं नावच यहूदावरून पडलेलं. त्यांतली सर्वांत जुनी इ.स.पू. ५७२ ची. जमीन, खंड, खजुराचं देणं असे रोजचे व्यवहार त्यांत लिहिलेले आहेत, आणि माणसांच्या नावांत परमेश्वराचं नाव गुंफलेलं आहे. घरं बांधली गेली, मळे लावले गेले.

त्याच काळाची दुसरी बाजू स्तोत्र १३७ मध्ये आहे. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडलो, वीणा झाडांना टांगून ठेवल्या. हे आपण गातो. शेवटचं वचन मात्र कुणी गात नाही, कारण त्यात बाबेलची पोरं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलंय. एका मुलीनं मला विचारलं, देवाच्या पुस्तकात हे कसं? मी म्हटलं, हे देवाचं बोलणं नाही गं, ही देवापुढे केलेली आरोळी आहे. ज्यांनी आपली लेकरं वेढ्यात मरताना पाहिली त्यांच्या तोंडची. त्यावर पांघरूण न घालता बायबलनं ते ठेवलं, आणि त्याच लोकांना लिहिलेलं "त्या शहरासाठी प्रार्थना करा" हे पत्रही ठेवलं. एक वाचून दुसरं सोडलं तर बंदिवासातली माणसं कळत नाहीत.

आता एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मनापासून येतो. पवित्र आत्मा शिकवायला असताना इतिहास-भूगोल कशाला? मी अशा वेळी मत्तयाचा चौथा अध्याय काढते. अरण्यात सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, उडी टाक, कारण लिहिलंय की दूत तुला हातांवर झेलतील. हे स्तोत्र ९१ मधलं वचन आहे. शब्दन् शब्द शास्त्रातला, तरी वापर सैतानाचा. तो पुढच्या वचनापर्यंत जात नाही, जिथे सिंह आणि सर्प पायांखाली तुडवण्याची गोष्ट आहे. आणि प्रभू काय करतो? "असंही लिहिलं आहे," म्हणून अनुवाद नावाच्या, मोशेच्या पाचव्या पुस्तकातलं वचन सांगतो. त्याची तिन्ही उत्तरं अनुवादाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. इस्राएल चाळीस वर्षं अरण्यात होतं त्याची आठवण मोशे जिथे करून देतो तोच हा भाग, आणि प्रभू चाळीस दिवस अरण्यातच होता. वचन कुठलं आणि कुणाला सांगितलेलं, हे त्याला पूर्ण ठाऊक होतं. आत्म्यानं भरलेला माणूस संदर्भ सोडतो असं मला शास्त्रात कुठे दिसत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत कूश देशाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचत असतो, तेव्हा आत्माच फिलिप्पाला त्याच्याकडे पाठवतो. आणि खजिनदाराचा प्रश्न काय, तर संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतोय की दुसऱ्या कुणाविषयी?

कोण कुणाविषयी बोलतंय. एवढ्या प्रश्नावर कधीकधी एखाद्या बाईचं आयुष्य अवलंबून असतं.

आमच्या बुधवारच्या बायकांत एक होती, आता दुसरीकडे राहते. नवरा मारायचा. ती मदत मागायला गेली तेव्हा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यानं तिला इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं बाविसावं वचन वाचून दाखवलं, स्त्रियांनी पतीच्या अधीन असावं, आणि घरी पाठवलं. ती माझ्याकडे आली तेव्हा बायबल तिच्या पिशवीतच होतं. मी तिला म्हटलं, काढ, आणि एक वचन मागे जा. एकविसावं वचन म्हणतं, एकमेकांच्या अधीन असा. मग पुढे वाच. बायकोला सांगितलंय तीन वचनांत आणि नवऱ्याला नऊ वचनांत. नवऱ्याला सांगितलंय काय? ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती कर, स्वतःच्या शरीराला जपतोस तसं तिला जप. ज्या रोमी साम्राज्यात हे पत्र वाचलं गेलं तिथे घरच्या कर्त्या पुरुषाच्या हाती बायको, मुलं, गुलाम यांच्यावर अफाट अधिकार होता. बायकोनं ऐकावं हे तिथे कुणाला नवीन नव्हतं. नवीन होतं ते नवऱ्यानं तिच्यासाठी जीव टाकावा हे. आणि कलस्सैकरांस पत्रात तर स्पष्टच आहे, बायकोशी कठोरपणे वागू नका.

ती वाचत होती आणि तिचे हात थरथरत होते. मग विचारलं, "बाई, हे पुढचं मला का नाही वाचून दाखवलं?" याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. मी तिला पोलीस ठाण्यातल्या महिला कक्षात घेऊन गेले. वचन मधेच तोडून तिला परत पाठवणं हे पाप होतं असं मी मानते, आणि ते मी मंडळीत उभं राहून बोलले आहे.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय लग्नात वाचतात, वाचावा. प्रीती सहनशील आहे, हेवा करत नाही, बढाई मारत नाही, फुगत नाही. पण हे पत्र लग्नघरी आलेलं नाही. भांडणाऱ्या मंडळीला आलेलं आहे. ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांनी हे पत्र लिहिणाऱ्या पौलाला कळवलं होतं की तुमच्यात गट पडलेत, एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा म्हणतो मी अपुल्लोसाचा. तिसऱ्या अध्यायात हेवा आहे. चौथ्यात, पाचव्यात, आठव्यात फुगणं आहे. सहाव्यात भाऊ भावाला कोर्टात खेचतोय. अकराव्यात प्रभुभोजनाला एक उपाशी बसलाय आणि दुसरा प्यायलाय. बाराव्यात नि चौदाव्यात कुणाचं कृपादान मोठं यावरून चढाओढ. पत्र सुरुवातीपासून वाचत तेराव्यात आलं की कळतं, पौल प्रीतीची म्हणून जी एकेक ओळ लिहितोय तिच्यात करिंथकरांचं एकेक दुखणं आहे. नवरा-बायकोसाठी हा अध्याय सुंदरच आहे. पण मंडळीच्या वार्षिक सभेत, जमिनीच्या आणि पदांच्या वादात, तो आधी वाचला जावा अशी माझी फार इच्छा आहे.

बायबलचे अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले, आणि नव्या करारातले वचनांचे आकडे १५५१ मध्ये आले. पौलानं आकडे घातले नव्हते. शोधायला ते सोयीचे आहेत. तोडायलाही तितकेच सोयीचे आहेत.

प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या लावदिकीया शहराच्या मंडळीविषयी थोडक्यात सांगते. "तू शीत नाहीस, उष्ण नाहीस, कोमट आहेस." आपल्याकडे उपदेशात उष्ण म्हणजे आवेशी आणि शीत म्हणजे देवाला सोडलेला असं सांगतात. मग प्रभू "तू शीत असतास तर बरं" का म्हणेल? नकाशा उघडला की बरंच उलगडतं. आजच्या तुर्कस्तानात देनिझलीजवळ हे अवशेष आहेत. जवळच्या हिरापलीला गरम झरे, तिथे आजही लोक जातात. दुसरीकडे कलस्सैला डोंगराचं थंड पाणी. लावदिकीयाला मात्र पाणी लांबून नळांनी आणावं लागे, त्या दगडी नळांच्या आत चुन्याचे थर साचलेले अजून दिसतात. गरम पाणी अंगाला बरं, थंड पाणी तहानेला. कोमट पाण्याची ओकारी येते. कित्येक अभ्यासक हे वचन असंच वाचतात आणि मला ते पटतं. शहर श्रीमंत होतं. इ.स. ६० च्या भूकंपानंतर त्यांनी रोमची मदत न घेता गाव पुन्हा उभारलं. "मी श्रीमंत आहे, मला कशाची उणीव नाही," हे वाक्य त्यांच्याच तोंडी पत्रात आहे. आणि "मी दाराशी उभा आहे, ठोकत आहे" हे प्रभू याच मंडळीला म्हणतो, जी स्वतःला त्याचीच म्हणवत होती. चित्रात आपण तो दरवाजा नेहमी परक्याच्या घराचा समजतो.

आमच्यात एक आजी आहेत. शाळेत गेल्या नाहीत, वाचता येत नाही. नातवानं मोबाइलवर मराठी बायबल लावून दिलंय, स्वयंपाक करता करता पुस्तकच्या पुस्तक ऐकतात. मधे थांबवायचं कसं ते त्यांना येत नाही, त्यामुळे सुरू झालेलं पुस्तक संपेपर्यंत चालतं. एका दुकानाच्या उद्घाटनाला गेलो होतो. काउंटरच्या वर फ्रेम होती, तुझा आरंभ अल्प असला तरी तुझा शेवट फार मोठा होईल, खाली ईयोब ८:७. आजींना मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, पण हे तर तो बिल्दद बोलला ना? ज्यानं त्याच्या मेलेल्या लेकरांना नावं ठेवली?"

खरंच आहे ते. बिल्दद हा ईयोबाचा मित्र, आणि आठवा अध्याय त्याच्या बोलण्याचा. ईयोबाची दहा मुलं एका दिवसात गेली आहेत, आणि हा मित्र चौथ्या वचनात म्हणतो, तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ त्यांना मिळालं. तू शुद्ध असशील तर देव तुझं भलं करील, शेवट मोठा होईल. तेच सातवं वचन. आणि बेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर या मित्रांना म्हणतो, माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. पुढे ईयोबाला दुप्पट मिळालं हे खरं, पण बिल्ददानं लावलेल्या हिशोबानं नव्हे. बायबलमध्ये छापलेलं प्रत्येक वाक्य देवाच्या तोंडचं नसतं. फरोचंही बोलणं त्यात आहे, पिलाताचंही, बिल्ददाचंही. हे मित्र सुरुवातीला सात दिवस आणि सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर नुसते बसून होते, एक शब्द न बोलता. त्यांचं तेवढं वागणं मला आपलंसं वाटतं. दुःखाच्या घरी जाताना मी ते आठवते.

आजींचं बघून आम्ही एक गोष्ट सुरू केली. अभ्यासाच्या दिवशी आधी पूर्ण पत्र मोठ्यानं वाचायचं, आळीपाळीनं, मधे कुणी अर्थ सांगायचा नाही. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र तर पानभराचं आहे. फिलिप्पैकरांस पत्र चहा व्हायच्या आत वाचून होतं. आणि तसं वाचलं की "मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे" हे वाक्य शेवटी येईपर्यंत पौल बंदिवान आहे हे डोक्यात पक्कं झालेलं असतं. मदत घेऊन आलेला एपफ्रदीत मरता मरता वाचलाय, आणि आदल्याच वाक्यात पौल म्हणालाय, भरल्या पोटी कसं राहावं आणि उपाशी कसं राहावं हे मी शिकलोय. परीक्षेला बसणाऱ्या लेकराला हे वचन जरूर द्या, पण नापास झाल्या दिवशीही तेच द्या. ते त्या दिवसासाठी जास्त आहे.

पूर्ण ऐकून झालं की आपापल्या शब्दांत वहीत चार ओळी लिहायच्या, कोण बोलतंय, कुणाशी, आधी काय घडलंय. बायबलच्या मागचे नकाशे उघडायचे. माझ्यासाठी काय, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी. घाई होते, मन लगेच तिथे धावतं, पण थांबायची सवय लागते. केडगावला पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि आयुष्याची शेवटची वर्षं त्या कामाला दिली. आपल्याला निदान आधीचा आणि पुढचा अध्याय वाचता येईल.

यिर्मयाचं पत्र वाचून झालं त्या बुधवारी आजींनी विचारलं, "त्याच्या चिठ्ठीला उत्तर आलं का?" उत्तर त्याच अध्यायात खाली आहे. बाबेलमधल्या शमाया नावाच्या माणसानं उलट पत्र लिहिलं, यरुशलेमच्या याजकाला, की बंदिवास लांबणार म्हणून घरं बांधायला सांगणाऱ्या या यिर्मयाला तुम्ही खोड्यात का घातलं नाही? याजकानं ते पत्र यिर्मयालाच वाचून दाखवलं. एवढी आशेची चिठ्ठी, आणि तिला आलेलं उत्तर हे असं.

आजींचा पुढचा प्रश्न होता, "मग त्यानं स्वतः काय केलं?" त्याचं उत्तर बत्तिसाव्या अध्यायात आहे. बाबेलच्या फौजेनं यरुशलेमला वेढा घातलाय, यिर्मया पहाऱ्याच्या चौकात कैदेत आहे, आणि अशा वेळी तो अनाथोथमधलं चुलतभावाचं शेत १७ शेकेल रुपे मोजून विकत घेतो. साक्षीदार बोलावतो, खरेदीखत करतो, एक प्रत मोहरबंद आणि एक उघडी, आणि दोन्ही मडक्यात घालून ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. पुढच्या बुधवारी आम्ही तो अध्याय घेतोय. त्याआधी सगळ्यांनी तिसावा आणि एकतिसावा घरी वाचून यायचं ठरलंय.